जाऊबाईंचा पाय आणि माझा बिब्बा

बिब्बा घालायचा म्हणजे काय करायचं हे हल्लीच्या पोरींना माहीत नसतं, म्हणून आधी ते सांगते. काष्ठौषधीच्या दुकानात बदामाएवढं काळं, टणक फळ मिळतं. तो बिब्बा. तो दाभणाला टोचायचा आणि निरांजनाच्या ज्योतीवर धरायचा. तापला की त्यातून काळं तेल सुटतं. त्याचा थेंब टाचेच्या भेगेत किंवा पायाच्या कुरूपावर सोडायचा. आजूबाजूच्या कातडीला आधी खोबरेल लावून ठेवायचं, नाहीतर बिब्बा उततो, म्हणजे सगळीकडे फोड उठतात. थेंब पडला की विचारायचं, चटका बसला? माणसाने पाय मागे ओढला की थांबायचं. दुसरं माप नाही. किती थेंब, किती गरम, हे समोरचा माणूस सांगतो. त्याच्या तोंडाकडे बघत हात चालवायचा.

हे मला आईने शिकवलं. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथे पायाबद्दल काही शिकवलं नाही. लग्न होऊन कसबा पेठेत आले तेव्हा माहेरून आणलेल्या वस्तू वर्षा-दोन वर्षांत फुटल्या किंवा फाटल्या. बिब्बा टिकला.

आमच्या गल्लीतले पाय मी चाळीस वर्षं पाहिले. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचे पाय एकाच जागी दुमडून बसल्यामुळे घोट्याशी काळे आणि जाड झालेले. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांमध्ये बारा महिने चिखल्या. शिपायाची नोकरी केलेल्यांच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. शिंप्याची टाच इतकी फाटलेली की चादरीचा धागा त्यात अडकायचा. माणूस तोंडाने काहीही सांगो, पाय बघितला की तो दिवसभर काय करतो ते कळतं. सगळे यायचे, उंबऱ्याशी बसायचे, पाय पुढे करायचे. मी कोणाकडून पैसे घेतले नाहीत. घेतले की हाताचा गुण जातो असं आई म्हणायची. मला वाटतं, पैसे घेतले नाहीत की कोणी जाब विचारत नाही, हे खरं कारण असावं.

जाऊबाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. आमचे दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोरी, आणि वर यायला लाकडी उभा जिना, हाताला दोर बांधलेला. त्यांनी तीस वर्षं एका खाणावळीत उभ्याने पोळ्या लाटल्या, फरशीवर, अनवाणी. मी घरोघरी स्वयंपाक करत होते. आम्हा दोघींचं प्रेम होतं असं कोणी म्हणालं तर मी हसेन. त्या माझ्या आमटीला पाणी म्हणायच्या आणि मी त्यांच्या घोरण्याला गिरणी म्हणायचे. पण सकाळचा चहा त्या करायच्या आणि मी उठेपर्यंत झाकून ठेवायच्या.

त्यांचा मुलगा खराडीला. तिकडच्या एका मोठ्या कंपनीत तो आणि सून दोघं. अकराव्या मजल्यावर घर, लिफ्ट, सगळं. तो दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, "आई, चल आता." आणि जाऊबाई म्हणायच्या, "तुझ्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी काय तिथे बघत बसू? माझे पाय चालतायत तोवर मी हा जिना सोडणार नाही."

"आणि पाय गेल्यावर?" तो म्हणायचा.

"गेल्यावर ये घ्यायला."

तो आला की त्या मुद्दाम एकदा खाली जाऊन कोथिंबीर घेऊन यायच्या, दोर न धरता. त्यांच्याजवळ दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. हा जिना चढून दाखवता येतो, एवढंच.

शुगर त्यांना बरीच वर्षं होती. गोळी चक्कर आली तर घ्यायची असते, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पायाला मुंग्या येतात म्हणायच्या. नंतर म्हणायच्या, मुंग्या गेल्या, आता बरं आहे. मीही म्हटलं, बरं आहे. मुंग्या का गेल्या ते आम्हाला कोणाला कळलं नाही.

मग एकदा त्या मंडईतून भाजी घेऊन आल्या तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी राहिली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. जिना चढून वर आल्या, पिशवी ठेवली, चपला काढायला वाकल्या, तेव्हा कळलं. मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. नवी चप्पल घ्यायला आम्ही गल्लीच्या तोंडाशी चपलांचं दुकान आहे तिथे गेलो. दुकानातले चाचा म्हातारे आहेत, मुसलमान, तीन पिढ्या कसब्यात. त्यांना आम्ही हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

"भाभी, चप्पल पडलेली कळत नाही म्हणजे पाय झोपलाय," ते म्हणाले. "माझ्या अब्बांचा असाच झोपला होता. डॉक्टरला दाखवा."

जाऊबाई म्हणाल्या, "चप्पल सैल द्यायची आणि वर पायाला नावं ठेवायची. चांगला धंदा आहे."

"बरं. आता घट्ट देतो," चाचा म्हणाले. "पण पाय दाखवा."

त्यांनी पट्टीवाली, मागून बंद होणारी चप्पल दिली. पाय आम्ही दाखवला नाही.

त्या पट्टीच्या चपलेने किंवा आणखी कशाने, पावसाळा संपता संपता त्यांच्या उजव्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी, कुरूप झालं. दुखत नव्हतं, पण चालताना पाय वाकडा पडायचा आणि ते मुलाच्या नजरेत येणार याची त्यांना काळजी. एका दुपारी म्हणाल्या, "घाल गं बिब्बा. तो रविवारी यायचाय."

मी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवला, कुरूप मऊ झाल्यावर ब्लेडने वरचा थर काढला. भोवती खोबरेल लावलं. बिब्बा नवा होता, बुधवार पेठेतून आणलेला. पहिला थेंब सोडला.

"बसला?"

"नाही."

दुसरा सोडला.

"बसला?"

"काय बसायचंय? तेल तरी पडलं का त्यातून?"

तिसरा, चौथा. त्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या. "तुझा बिब्बा जुना झालाय," त्या म्हणाल्या. "का तूच जुनी झालीस?"

"बिब्बा परवाच आणलाय."

"मग हात गेला असेल. आईचा गुण हातात आहे म्हणून गल्लीभर मिरवतेस. तो माहेरीच राहिला वाटतं."

मला राग आला. चाळीस वर्षांत माझ्या बिब्ब्याला कोणी असं बोललं नव्हतं. मी बिब्बा ज्योतीत धरला, तो पेट घ्यायला आला तेव्हा बाहेर काढला, आणि थेंब न सोडता तसाच कुरूपावर टेकवला आणि दाबून धरला. कातडी चर्र वाजली. वास आला. मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता जरा ऊब लागली."

त्या क्षणी मला चाचांचं बोलणं आठवलं नाही असं मी आता लिहू शकते. कोण तपासणार आहे? पण ते आठवलं होतं. आठवलं, आणि मी बिब्बा आणखी थोडा वेळ तसाच धरला.

संध्याकाळी तिथे मोठा फोड आला. त्यांनी त्यावर हळद दाबली आणि वरून मोजा चढवला. मी म्हटलं, "दाखवा." त्या म्हणाल्या, "तुला काय दाखवायचं? तूच केलंयस, तुला माहीतच आहे." त्या रोज खाली जात होत्या, वर येत होत्या. रविवारी मुलगा आला तेव्हा कोथिंबीरही घेऊन आल्या. तो गेल्यावर मला मोरीपासून पलंगापर्यंत फरशीवर ओले ठसे दिसले. एकाच पायाचे, पिवळट. मी पाण्याचे समजून पुसायला गेले तर वास आला.

मोजा मी जबरदस्तीने काढला. हळदीबरोबर कातडीही निघाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि लाली घोट्याच्या वर चढली होती.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या. "दुखत नाही ना मला. मग?"

दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे आम्ही दोघींनी आयुष्यभर मानलं होतं.

मी मुलाला फोन केला आणि आम्ही रिक्षाने मोठ्या दवाखान्यात गेलो. तो परस्पर तिथे आला. तपासणारी डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. तिने जखम बघितली आणि विचारलं, "आजी, हे कशाने झालं?"

"गरम पाण्याची पिशवी," जाऊबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी त्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन शेजारीच उभी होते.

मग डॉक्टरने नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. म्हणाली, डोळे मिटा, दोरा लागला की हो म्हणा. जाऊबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरने दोरा अंगठ्याला लावला. त्या काही बोलल्या नाहीत. टाचेला लावला. काही नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, बहुतेक वाटलं असेल की आपण नापास होतोय, त्या म्हणाल्या, "हो." थोड्या वेळाने, "हो." पुन्हा, "हो." तोवर डॉक्टरने दोरा बाजूला ठेवलाही होता. तिचे दोन्ही हात कागदावर होते. मुलाने ते बघितलं आणि तो खिडकीकडे वळला.

दोन दिवस मी गप्प राहिले. मनात काय होतं ते सांगते, कोणाला चांगलं वाटो न वाटो. भीती होती. त्या स्वतःच पिशवी म्हणाल्यात, आता मी कशाला तोंड उघडू, असा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी दोन बोटं काढली. डॉक्टर बाहेर आली आणि मुलाला म्हणाली की आत जेवढं खराब झालंय तेवढं पाण्याच्या पिशवीने होत नाही, काहीतरी जाळणारी वस्तू खोल गेली आहे. तेव्हा मी म्हटलं, "बिब्बा घातला होता. मी घातला."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. "परवा विचारलं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"होते."

"परवा कळलं असतं तर आम्ही आणखी आत उघडून साफ केलं असतं."

"बोटं वाचली असती?"

"बोटं नसती वाचली. पुढचं पाऊल... आता सांगता येणार नाही."

मुलगा माझ्याशी कायम आदराने बोलत आलेला. त्या दिवशी म्हणाला, "काकू, तुम्ही चौथी शिकलात. डॉक्टर कशाला झालात?" तो बरोबर बोलत होता.

आठ-दहा दिवसांनी जखम वर सरकली आणि पुढचं अर्धं पाऊल कापावं लागलं. टाच आणि तिच्यापुढे थोडंसं, एवढा उजवा पाय उरला.

शुद्धीवर आल्यावर जाऊबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "तुला तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. ते किती दिवस चालवायचं?"

"तुझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "तू कोण लागून गेलीस? बिब्बा म्हटलं असतं तर पोराने मला तुझ्याकडे परत पाठवलं असतं का? पिशवी म्हटलं म्हणजे मला घरी जाता आलं असतं. आता संपलं."

तेवढे दिवस मी मनात धरून बसले होते की या बाईने मला वाचवलं. तसं काही नव्हतं. त्यांना जिना वाचवायचा होता.

तो जिना त्या पुन्हा चढल्याच नाहीत. दवाखान्यातूनच खराडीला नेलं. त्यांचं सामान मुलगा एकटा येऊन घेऊन गेला. दोन पत्र्याच्या पेट्या, देव, आणि लाटणं. लाटणं कशाला, मी विचारलं. म्हणाला, आईने सांगितलंय. मी पेटीचं एक टोक धरून खालपर्यंत गेले. तो "असू दे, असू दे" म्हणत होता, पण "चला घरी" म्हणाला नाही.

पंधरा दिवसांनी मी आपण होऊन गेले. पत्ता लिहिलेला कागद कंडक्टरला दाखवला. त्याने जिथे उतरवलं तिथून पुढे विचारत विचारत गेले. दार सुनेने उघडलं. ऑफिसचं काम घरूनच चाललं होतं तिचं, कानात यंत्र. मी म्हटलं, "मी दर मंगळवारी येऊन त्यांचा दुसरा पाय बघून जाईन. तुम्हाला वेळ होत नसेल." तिने कानातलं यंत्र काढलं. मग म्हणाली, "काकू, फक्त बघायचं. काही लावायचं नाही."

"नाही लावणार."

डॉक्टरने दिलेला कागद तिने मला दिला. दोन्ही बाजूंनी छापलेला. मी घरी नेऊन अक्षरं लावत वाचला. पाय रोज बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. बोटांच्या मधलं पाणी टिपा. गरम पाण्यात बुडवू नका. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने काढू नका. घरातही अनवाणी चालू नका. चप्पल घालण्याआधी आत हात घालून खडा आहे का बघा. आईने शिकवलेल्यापैकी निम्मं त्या कागदावर "करू नका"च्या खाली होतं. आई आता नाही, नाहीतर तिला वाचून दाखवलं असतं.

गल्लीत मी बिब्बा बंद केला. एक बाई भेगा घेऊन आली होती, तिला म्हटलं दवाखान्यात जा. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी भाव खायला लागलात." मी तिला खरं कारण सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. ती पुढचं न ऐकताच उठून गेली. आता दुसऱ्या कोणाकडून तरी घालून घेते असं ऐकते.

खराडीला मी जात राहिले. जाऊबाई वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जात आणि बाकी वेळ खिडकीशी बसत. खिडकीतून खरोखरच दुसऱ्याची खिडकी दिसते. त्या मला म्हणायच्या, "आलीस? बघ तुझा लाडका." मी डावा पाय मांडीवर घ्यायचे, आरसा धरायचे, बोटांमध्ये बघायचे. शरीराचा सगळा भार आता त्या एका पायावर होता. तेवढ्यात त्या माझ्या आमटीची चौकशी करायच्या, अजून पाणीच असते का म्हणून. कसब्यात कोण मेलं, कोणाचं घर बिल्डरने घेतलं, जिन्याचा दोर बदलला का, सगळं विचारायच्या. पाय हातात असताना आम्ही बरं बोलायचो.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी टाचेच्या बाहेरच्या अंगाला मला लाल डाग दिसला. रुपयाएवढा. बोट टेकवलं तर आजूबाजूपेक्षा गरम. वॉकर धरताना टाच फरशीवर घासत असणार.

मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. "काय आहे?"

"डाग आहे."

"दुखत नाही."

"तुम्हाला काहीच दुखत नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून पोळ्या लाटणाऱ्याचा आहे, घट्ट. हळूच म्हणाल्या, कारण सून शेजारच्या खोलीत होती, "बोलू नकोस. आता संडासापर्यंत तरी जाते. हा पण नेला तर मला पलंगावर करायला लावतील. सुनेच्या हातून. बोलू नकोस. चार दिवस बघू. जाईल."

"नाही जाणार."

"मी तिथे पिशवी म्हणाले होते. तू उभी होतीस. तुझं नाव मी घेतलं नाही. कारण काही असो, घेतलं नाही ना? आता तू गप्प बस. एवढं तरी कर."

ते खरं होतं. नाव घेतलं नव्हतं त्यांनी. मी मनगट सोडवलं आणि तिथूनच सुनेला हाक मारली.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने बघितलं, टाचेला पट्टी केली, म्हणाली वेळेवर आणलंत, पण दीड-दोन महिने या पायावर अजिबात भार नको. म्हणजे पलंग. म्हणजे जे नको म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं होतं, तेच. पायाचं पुढे काय होईल ते डॉक्टर खात्रीने सांगत नाही. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणते. दर आठवड्याला तेच म्हणते.

तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. आमटीबद्दल नाही, गल्लीबद्दल नाही, शिवीसुद्धा नाही. मी खोलीत गेले की तोंड भिंतीकडे करतात. सून म्हणते, काकू, मनावर घेऊ नका. मी घेत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

मी पलंगाच्या पायथ्याशी स्टूल ओढते. त्या भिंतीकडेच बघत असतात, पण डावा पाय पांघरुणाबाहेर सरकवून देतात. मी चष्मा लावते, आरसा पुसते आणि बोटांच्या मधून सुरुवात करते.